बंद पडलेली लीग आणि नागपूरचा डावखुरा: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण नागपुरातल्या एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचं आहे, ज्याने पुढे बंद पडलेल्या इंडियन क्रिकेट लीगशी करार केला होता. ओळख पटू नये म्हणून त्याच्या व्यावसायिक संघाचं, क्लबचं आणि कार्यालयाचं नाव दिलेलं नाही, घरचे काही तपशीलही बदलले आहेत. तो ज्या क्लबकडून गुझदर लीग, म्हणजे विदर्भ क्रिकेट संघटनेची क्लबांची स्पर्धा, खेळायचा, त्या क्लबचा कारभार तेव्हा माझ्याकडे होता. त्यामुळे करारापासून राजीनाम्यापर्यंतचे बहुतेक कागद माझ्यासमोरून गेले. आजही मुलं करार घेऊन येतात आणि आकडा आधी दाखवतात. तो आकडा सोडून बाकी काय वाचायचं असतं, हे या एका प्रकरणातून जितकं कळतं तितकं मला दुसरीकडे कुठे कळलं नाही.

पार्श्वभूमी

भारतीय क्रिकेटच्या प्रक्षेपणाचे हक्क मिळत नाहीत हे दिसल्यावर झी समूहाचे सुभाष चंद्र यांनी २००७ मध्ये स्वतःचीच इंडियन क्रिकेट लीग उभी केली. कपिल देव तिच्या कारभाराच्या अग्रभागी होते. ब्रायन लारा, इंझमाम उल हक अशी मोठी नावं आली. मुंबई चॅम्प्सची सूत्रं प्रशिक्षक म्हणून संदीप पाटील यांच्याकडे होती. पहिल्या स्पर्धेत सहा संघ होते. डिसेंबर २००७ मध्ये चंदीगड लायन्सला हरवून चेन्नई सुपरस्टार्स जिंकले.

क्रिकेट मंडळाने ऑगस्ट २००७ मध्येच आपली भूमिका सांगून टाकली होती. जो या लीगमध्ये जाईल त्याला मंडळाच्या कुठल्याही स्पर्धेत जागा नाही. कपिल देव यांना राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या अध्यक्षपदावरून हटवण्यात आलं. सप्टेंबरात मंडळाने आयपीएल जाहीर केली आणि त्याच महिन्यात २४ तारखेला जोहान्सबर्गला भारताने पाकिस्तानला ५ धावांनी हरवून पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. वीस षटकांचा खेळ कोणाच्या मालकीचा राहणार, हा प्रश्न तिथेच बराचसा मिटला होता. नागपुरात मात्र तो कोणाला मिटलेला वाटत नव्हता, कारण आयपीएलचा एकही चेंडू अजून पडला नव्हता आणि लीगचे सामने टीव्हीवर दिसत होते.

त्या लीगमधल्या संघाची बांधणी समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. संघांना शहरांची नावं होती, पण शहराशी नातं जर्सीपुरतं. मंडळाशी संलग्न मैदानं मिळत नसल्याने सामने पंचकुला, गुडगाव, हैदराबाद, अहमदाबाद अशा मोजक्या ठिकाणी व्हायचे. मुंबईच्या नावाचा संघ मुंबईत खेळत नव्हता, कोलकात्याच्या नावाचा कोलकात्यात खेळत नव्हता. संघांना वेगवेगळे मालकही नव्हते. संघ, स्पर्धा आणि ती दाखवणारी वाहिनी हे सगळं एकाच उद्योगसमूहाचं होतं. म्हणजे एका संघाने सोडलं तर दुसऱ्याकडे जाऊ, असा विचार करायला खेळाडूला जागाच नव्हती.

खेळाडू आणि त्याच्यासमोरचा प्रश्न

जानेवारी २००८ मध्ये आमच्या या मुलाला बोलावणं आलं. लीग सहावरून आठ संघांवर जात होती, अहमदाबाद आणि लाहोर हे दोन संघ नव्याने येत होते आणि भारतीय खेळाडूंची गरज वाढली होती. मुलाचं वय २४. विदर्भाच्या संभाव्य खेळाडूंच्या यादीत दोन हंगाम नाव होतं, प्रत्यक्ष रणजी सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. विदर्भ तेव्हा रणजीच्या खालच्या, म्हणजे प्लेट गटात होता आणि प्लेट गटातल्या फिरकीपटूकडे निवड समितीची नजर क्वचितच वळायची. वर्षभरापूर्वी त्याला खेळाडूंच्या राखीव जागेतून एका सरकारी उपक्रमाच्या नागपूर कार्यालयात कारकुनाची नोकरी लागली होती. परिवीक्षा, म्हणजे प्रोबेशन, अजून संपायची होती.

करार तीन वर्षांचा होता आणि रक्कम त्याच्या पगाराच्या कितीतरी पट. उत्तरासाठी मुदत दहा दिवसांची.

नंदनवनातल्या त्यांच्या घरी या विषयावर जे बोलणं झालं त्याला मी हजर होतो. वडील एम्प्रेस मिलचे कामगार. मिल बंद पडली तेव्हा देणी मिळवण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं चकरा मारल्या होत्या. असा माणूस सावध बोलेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "भाऊ, बंद पडायचं ते सगळंच पडते. मिल पडली, उद्या तुमची ही लीगही पडंन. जे हाती येते ते आज घेऊ द्या पोराला." आई तेवढ्याच ठामपणे म्हणाली, "खेळाचं काय होते ते होऊ दे. नोकरी सोडू नको म्हणते मी."

दोघांचं बोलणं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल होतं. वडील पैशांचा विचार करत होते, आई परत येण्याच्या वाटेचा. त्या रात्री सगळी चर्चा मंडळाच्या बंदीभोवती फिरत राहिली. बंदी कायमची आहे की पुढे उठेल, मंडळाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलेल्या प्रकरणाचं काय होईल, यावर सगळे बोलले. पण बंदी उठली तर हा मुलगा तेव्हा किती वर्षांचा असेल, हे कोणी विचारलं नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नकार देण्याचा. नोकरी टिकते, विदर्भाचं दार उघडं राहतं, पण २४ व्या वर्षी प्लेट गटात नियमित जागा नसलेल्या गोलंदाजाच्या वाट्याला पुढे काय येणार, याची कल्पना सगळ्यांना होती.

दुसरा, आयपीएलची वाट पाहण्याचा. पहिला लिलाव २० फेब्रुवारीला होणार होता. प्रत्येक संघात २२ वर्षांखालचे काही खेळाडू असावेत असा नियम होता. आमचा मुलगा त्या वयाच्या पुढे गेला होता आणि नागपूरच्या नावाचा संघ नव्हताच. मोठ्या नावांनंतर उरलेल्या जागांवर प्लेट गटातल्या फिरकीपटूला कोणी बोलावील, ही आशा धरून बसणं मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. पण त्या पर्यायाचा एक फायदा आम्ही मोजलाच नाही. एप्रिलपर्यंत थांबलं असतं तर आयपीएल चालते की नाही हे डोळ्यांनी दिसलं असतं, आणि मग लीगच्या तीन वर्षांच्या कराराला किती वजन द्यायचं हेही कळलं असतं.

तिसरा पर्याय सही करून, नोकरीत बिनपगारी रजा मागण्याचा. माझा कल याकडे होता. चौथा, राजीनामा देऊन पूर्ण लीगचं व्हायचं.

करार वाचताना मी चार प्रश्न लिहून दिले होते. पैसे कोण देणार, संघ की कंपनी? स्पर्धा झालीच नाही तर त्या वर्षाचे पैसे मिळणार का? दुखापत झाली तर उपचार कोणाच्या खर्चाने? आणि वाद झाला तर कोर्ट कुठलं? पहिल्याचं उत्तर 'कंपनी' असं आलं. म्हणजे संघ नावाची वेगळी संस्था कायद्याच्या दृष्टीने समोर नव्हतीच. उपचारांची तरतूद होती. स्पर्धा न झाल्यास काय, यावरची भाषा मोघम होती. आणि वादाचं ठिकाण नागपूरपासून दूर होतं, म्हणजे आपल्या मागणीसाठी प्रत्येक तारखेला रेल्वेचं आरक्षण करावं लागणार होतं.

निर्णय

त्याने सही केली. बिनपगारी रजेचा अर्ज कार्यालयात दिला, पण दहा दिवसांत अशा अर्जावर निर्णय होणं कठीणच होतं. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिली. शिबिराला निघायची तारीख आली तेव्हा वरिष्ठांनी तोंडी सांगितलं की मान्यता नसलेल्या स्पर्धेसाठी रजा मिळणार नाही. निघायच्या आदल्या दिवशी त्याने राजीनामा दिला.

या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महागडा कागद करार नव्हता, तो हा राजीनामा होता. करार तीन वर्षांचा होता आणि पुढे त्यातूनही बाहेर पडायला वाट निघाली. राजीनाम्यातून परत यायला कुठलीच वाट नव्हती.

दोन स्पर्धा

मार्च-एप्रिल २००८ ची स्पर्धा हैदराबाद हीरोज जिंकले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ढाक्याचा संघ आल्यावर नऊ संघ झाले आणि लाहोर बादशाह विजेते ठरले. आमचा मुलगा दोन्ही स्पर्धांत होता. सामने फार मिळाले नाहीत, पण जे शिकायला मिळालं ते खरं होतं. आंतरराष्ट्रीय फलंदाजांना नेटमध्ये रोज गोलंदाजी केल्यावर त्याच्या चेंडूची दिशा आणि वेग बदलण्याची समज आमच्या मैदानावरच्या कोणाहीपेक्षा पुढे गेली होती. फिजिओ, व्हिडिओ पाहून केलेलं विश्लेषण, क्षेत्ररक्षणाचे वेगळे प्रशिक्षक, हे सगळं त्याने तिथे पहिल्यांदा पाहिलं. लीगने खेळाडूंना काहीच दिलं नाही असं जे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. पैसेही पहिल्या वर्षी ठरल्याप्रमाणे आले. घराची गच्ची पक्की झाली, बहिणीचं लग्न झालं.

स्पर्धांच्या मधल्या महिन्यांत मात्र नागपुरात त्याला खेळायला जागा नव्हती. गुझदर लीगमध्ये उतरवलं तर क्लबच्या संलग्नतेवर बालंट आलं असतं. क्लबच्या खेळपट्टीवर त्याला गोलंदाजी करू द्यायची का, हा प्रश्न माझ्याकडे आला. क्लबच्या नावावर जी जागा आहे तिथे त्याने यायचं नाही, हे मी त्याला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. पण रेशीमबागेच्या मैदानावर सकाळी साडेपाचला आमची जी मुलं स्वतःहून सराव करायची, त्यांच्यात तो आला तर त्याला क्लबचा संबंध नाही. तो वर्षभर येत राहिला. त्याच्या हाताखाली खेळलेल्या दोन फलंदाजांना फिरकी खेळता येऊ लागली ती त्या सकाळी.

याच काळात शहरातलं क्रिकेट बदलत होतं. जामठ्याचं नवं स्टेडियम उभं राहिलं आणि नोव्हेंबर २००८ मध्ये तिथे भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी झाली. सौरव गांगुलीची ती शेवटची कसोटी.  विदर्भाच्या संघात त्याच्या जागेवर दुसरा डावखुरा बसला होता, वयाने लहान आणि चांगला.

लीग थांबते

नोव्हेंबर २००८ मध्ये संघांची स्पर्धा संपून देशवार संघांची मालिका सुरू होती. २६ नोव्हेंबरच्या मुंबईवरील हल्ल्यानंतर ती अर्धवट थांबली आणि पुन्हा काही सुरू झालंच नाही. जगभर मंदी होती, जाहिरातदार हात आखडत होते, आयपीएलचा पहिला हंगाम जबरदस्त यशस्वी झाला होता. २००९ च्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनेही लीगला मान्यता नाकारली. मानधन थकल्याच्या तक्रारी देशी-विदेशी खेळाडूंनी जाहीरपणे केल्या.

एप्रिल २००९ च्या शेवटी मंडळाने माफी जाहीर केली. ३१ मेपर्यंत लीगशी संबंध तोडल्याचं कळवायचं. देशांतर्गत क्रिकेट लगेच खेळता येईल, भारतासाठी निवड व्हायला वर्षभर थांबावं लागेल.

आता निर्णयाची दुसरी वेळ आली. तीन वर्षांच्या करारातलं दीड वर्षाहून अधिक बाकी होतं. स्वतः करार सोडला तर राहिलेल्या पैशांवरचा हक्क सुटतो का? संघातले काही जुने खेळाडू म्हणत होते, थांबा, कंपनीनेच करार मोडू दे. ३१ मे उलटून गेली तर काय, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. मेच्या उन्हात तो तीन वेळा माझ्याकडे आला आणि तिन्ही वेळा वेगळं बोलला. माझं म्हणणं एकच होतं: पैशांसाठी कोर्टात जायची मुदत वर्षांची असते, माफीची मुदत दिवसांची आहे. त्याने मेच्या शेवटच्या आठवड्यात पत्र दिलं. राहिलेल्या रकमेचा पाठपुरावा त्याने केला नाही. लांबच्या शहरात वकील लावण्याइतकी ती रक्कम नाही, असं घरात ठरलं.

निष्पत्ती

बंदी उठली. पण तोवर तो सव्वीसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता. खेळाडूंच्या राखीव जागांसाठी वयाची अट असते. रेल्वेत ती १८ ते २५ आहे आणि तिला सवलत नाही. जिथे वय बसत होतं तिथे मागच्या काही वर्षांतल्या मान्यताप्राप्त स्पर्धांची प्रमाणपत्रं मागितली जायची. त्या वर्षांत तो आयुष्यातलं सर्वांत चांगलं क्रिकेट खेळला होता आणि त्यातलं काहीही अर्जात लिहिता येत नव्हतं.

विदर्भाच्या निवड चाचणीला तो गेला, संभाव्य यादीत आला, अंतिम संघात आला नाही. निवडकर्त्यांनी सूड घेतला असं मी म्हणणार नाही. त्याच्या जागेवरचा मुलगा विकेट काढत होता.

माफीचा फायदा कोणाला किती झाला, हे सुरुवातीच्या पायावर अवलंबून होतं. अंबाती रायुडू हैदराबाद हीरोजकडून खेळला होता, परतला, आयपीएल खेळला आणि २०१३ मध्ये भारतासाठी एकदिवसीय सामन्यात उतरला. त्याच संघातला स्टुअर्ट बिन्नीही २०१४ मध्ये भारताकडून खेळला. दोघेही वयाने लहान असतानाच आपापल्या राज्याच्या क्रिकेटमध्ये ओळखले गेलेले होते. आमच्या मुलाला परत जायला तेवढी जागा कधीच नव्हती.

माफीने त्याला वेगळं काही दिलं, ज्याचा विचार मे २००९ मध्ये कोणाच्याच मनात नव्हता. मंडळाच्या व्यवस्थेत परत आल्याने प्रशिक्षणाच्या परीक्षा देण्याचा मार्ग मोकळा झाला. काही वर्षं खासगी नोकरी आणि क्लब क्रिकेट करून त्याने त्या दिल्या. आज तो लहान गटाच्या मुलांना फिरकी शिकवतो आणि त्याचं घर त्यावर चालतं. ३१ मे उलटून गेली असती तर हेही झालं नसतं.

वेगळं काय करता आलं असतं

सहीबद्दल मी त्याला आजही दोष देत नाही. त्याच्या जागी असलेल्या, त्या घरातल्या मुलाने ती रक्कम नाकारावी असं म्हणणं फार सोपं आहे आणि अन्यायाचं आहे.

राजीनामा मात्र टाळता आला असता असं मला वाटतं. लीगला आठ संघ भरायचे होते, मंडळाच्या धाकाने अनेक जण मागे हटत होते, म्हणजे खेळाडूची बाजू वाटते तितकी दुबळी नव्हती. दहा दिवसांची मुदत महिन्याची करून मागितली असती तर मिळण्याची शक्यता होती. रजेचा लेखी नकार आला असता तर त्याविरुद्ध अपील करता आलं असतं. तोंडी नकाराविरुद्ध करण्यासारखं काहीच नसतं. परिवीक्षेतल्या माणसाला रजा मिळणं अवघड, हे मान्य. तरी लेखी उत्तर हातात येईपर्यंत राजीनाम्याचा कागद बाहेर काढायचा नव्हता.

दुसरं, तीन वर्षांच्या कराराशेजारी वयाचा हिशेब मांडायला हवा होता. करार पूर्ण झाला तर वय २७, अर्धवट सुटला तर २५-२६, आणि राखीव जागेची मर्यादा २५. म्हणजे लीग चालली काय नि बुडाली काय, नोकरीचं दार दोन्हीकडून बंदच होणार होतं. हे कळलं असतं तर वडिलांनीही कदाचित वेगळा कौल दिला असता, किंवा मग पहिल्या वर्षाच्या पैशातून काहीतरी बाजूला टाकून जोडधंद्याची तयारी झाली असती.

तिसरी गोष्ट संघ आणि लीग यांतल्या फरकाची. २०१० मध्ये तेलंगण आंदोलनामुळे डेक्कन चार्जर्सचे काही सामने जामठ्याला झाले. २००९ चे आयपीएल विजेते नागपुरात घरचा संघ म्हणून खेळताना आम्ही पाहिले. तो संघही २०१२ मध्ये रद्द झाला. पण त्याचे बहुतेक खेळाडू नव्या मालकाच्या सनरायझर्स हैदराबादमध्ये गेले, कारण संघ गेला तरी स्पर्धा उभी होती आणि खेळाडूची पात्रता अबाधित होती. आमच्या मुलाच्या बाबतीत संघ, स्पर्धा, मालक आणि पात्रता सगळं एकाच सहीवर टांगलेलं होतं. विदर्भात २०२५ पासून क्रिकेट संघटनेची स्वतःची टी-ट्वेंटी लीग सुरू झाली आहे. त्यातला एखादा संघ उद्या बंद पडला तरी मुलाचं रणजीचं दार बंद होत नाही. बाहेरच्या खासगी स्पर्धेचा करार आला तर हा फरक मी आधी तपासतो, रक्कम नंतर वाचतो.

मे २००९ च्या पत्रात एक वाक्य जोडता आलं असतं: थकीत रकमेवरचा हक्क राखून हा करार सोडत आहे. त्याने पैसे मिळालेच असते असं नाही, पण पुढे कधी सगळे खेळाडू एकत्र येऊन मागायला गेले असते तर त्याचं नाव यादीत राहिलं असतं.

राहता राहिला रेशीमबागेचा प्रश्न. तेव्हा काही सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की संघटनेला लेखी विचारून मोकळं व्हावं. लेखी विचारलं असतं तर लेखी नकार आला असता आणि साडेपाचचा सरावही बंद पडला असता. क्लबची संलग्नता सांभाळणं माझं काम होतं, ते मी केलं. ज्या मुलाला सगळीकडून दार बंद झालं होतं त्याला चेंडू टाकायला बावीस यार्ड जमीन मिळू देणं, हेही मी माझंच काम समजलो. तोच प्रसंग पुन्हा आला तर मी तेच करीन.